पाय ठेवायला जागा

मोटारसायकल ज्या माणसाच्या मापानं बनवतात, तो माणूस मला एकदा भेटायचा आहे. जाहिरातीत त्याचं दर्शन घडतं. पण तिथं तो डोंगरात असतो, एकटा असतो आणि त्याला वेळेवर कुठंही पोचायचं नसतं. माझा अंदाज असा, की हा गृहस्थ वयानं बावीस, वजनानं साठ किलो, उंचीनं बेताचा, पोटानं सपाट आणि गुडघ्यांनी निष्पाप असावा. त्याला बायको नसावी; असलीच तर ती दुसऱ्या मोटारसायकलीवर बसत असावी. त्याच्या टाकीवर पोरगं, हँडलला भाजीची पिशवी आणि मागं बियाण्याची थैली नसावी. असा माणूस मी आमच्या जालना जिल्ह्याच्या आठही तालुक्यांत शोधला. भोकरदन-जाफराबादेत नाही, अंबड-घनसावंगीत नाही, परतूर-मंठ्यात नाही, बदनापुरात नाही. आणि खुद्द जालन्यात तर नाहीच नाही. तरीही दर साल लाखो मोटारसायकली त्याच्याच मापानं निघतात आणि त्याच्या नावानं हप्ते मात्र आपण भरतो.

मी पेशानं शिक्षक. उंची पाच फूट अकरा इंच, आणि त्यातले जास्तीचे इंच देवानं कमरेखाली खर्च केलेले. रोज राजूरच्या रस्त्यानं एका खेड्यातल्या शाळेत जाऊन-येऊन पन्नासेक किलोमीटर होतात. राजूरचा गणपती जागृत आहे. अंगारकीला जालन्याहून माणसं चालत त्याच्या दर्शनाला जातात. मला पूर्वी या भक्तीचं नवल वाटायचं. नवी मोटारसायकल घेतल्यापासून वाटेनासं झालं. चालणाऱ्याचे पाय निदान सरळ तरी होतात.

कारण या गाडीचं फूटरेस्ट. ते इतकं वर आणि इतकं मागं, की गाडीवर बसलो की माझे गुडघे टाकीला ओलांडून वर डोकावतात आणि समोरून येणाऱ्याला वाटतं, मास्तरांनी दोन नारळ मांडीत घेतलेत. तासाभरानं शाळेच्या फाटकाशी उतरतो तेव्हा माझा आकार हुबेहूब ‘ढ’ या अक्षरासारखा झालेला असतो. शिक्षकानं विद्यार्थ्यांसमोर ‘ढ’ होऊन उभं राहणं, हे शिक्षणशास्त्राच्या कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

ज्या दुकानातून गाडी घेतली तिथं गेलो. टाय लावलेल्या एका तरुणानं माझं सगळं ऐकून घेतलं, गुडघ्यांकडे सहानुभूतीनं पाहिलं आणि म्हणाला, “सर, कंपनीनं विचार करूनच दिलेलं असतं.”

वाचकहो, हा लेख या एका वाक्याविरुद्ध आहे.

“विचार करूनच दिलेलं असतं.” मान्य! पण कोणाचा विचार करून? कंपनीनं इंजिनाचा विचार केला असेल, चेसिसचा केला असेल, सायलेन्सर कुठून न्यायचा याचा केला असेल, आणि एका साच्यातून किती नग निघतील याचा तर नक्कीच केला असेल. माझ्या गुडघ्याचा विचार करायला कंपनीची आणि माझी ओळख कुठं होती? साधा सदरा शिवायला टाकला तरी शिंपी गळा मोजतो, छाती मोजते की नाही असा टेप फिरवतो, बाहीची लांबी दोनदा बघतो आणि पोटाशी आल्यावर सुस्कारा सोडतो. सातशे रुपयांच्या सदऱ्यासाठी माझी एवढी मोजदाद. आणि लाखाच्या घरातली गाडी घेताना मोजलं काय, तर फक्त बँकेचं पासबुक.

बरं, ‘माणसाच्या मापानं वस्तू’ ही काही कुठली विलायती चैन नाही. न्हाव्याच्या खुर्चीला वर-खाली व्हायचा दांडा असतो. सायकलच्या सीटखालचा नट ढिला केला की बापाची सायकल पोराची होते. खाटेची सुंभ ओढून घट्ट करता येते. ‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या गावाची जुनी ख्याती. निदान पाळण्यात तरी बाळाला पाय पसरता येतात.

आणि घोडा! ज्यांच्या टापांचे आवाज आपण अजून भाषणांत ऐकतो, त्या घोड्यांवरची रिकीब आठवा. रिकीब म्हणजे काय? घोडेस्वाराचं फूटरेस्टच की. ती चामड्याच्या वादीनं खोगिराला टांगलेली असते आणि वादीला ओळीनं भोकं असतात. उंच स्वार आला, दोन भोकं खाली. बुटका आला, दोन भोकं वर. शेकडो वर्षांपूर्वी कुठल्याशा चांभारानं आरीनं जी सोय करून ठेवली, ती संगणकावर चित्रं काढणाऱ्या आजच्या अभियंत्याला सुचू नये?

मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन प्रकार होते. ज्याचा घोडा आणि हत्यारं स्वतःची, तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारातून मिळायचा, तो बारगीर. आता गंमत अशी, की सरकारी घोड्यावरच्या बारगिरालादेखील रिकीब आपल्या पायाच्या मापानं बांधायची मुभा असणार, नाहीतर तो लढणार कसा? आणि आपण? गाडी आपल्या नावावर, हप्ता आपल्या पगारातून, पेट्रोल आपलं, पंक्चर आपलं. पण पाय कुठं ठेवायचा हे मात्र कंपनी सांगणार. आपण शिलेदाराचे पैसे मोजून बारगिराहून खालच्या हुद्द्यावर चाकरी करतो आहोत.

कुणी म्हणेल, पायांच्या जागा शास्त्रानं ठरलेल्या असतात. छान! ज्यांनी जुनी बुलेट चालवली आहे त्यांना विचारा. तिचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला असे. त्याच काळातल्या राजदूतवरून उठून माणूस बुलेटवर बसला की पहिल्या चौकात ब्रेक म्हणून गिअर दाबायचा आणि कुलदैवताचं नाव घ्यायचा. येझदीची तर आणखीनच कमाल. किक मारायचा दांडा पुढं वळवला की तोच गिअरचा दांडा. १९७२ साली आलेल्या लुनाला सायकलसारखं पेडल होतं. चढ आला की माणूस खुशाल इंजिनाला हातभार, म्हणजे पायभार, लावायचा. एवढ्या निरनिराळ्या जागी पाय ठेवून या देशाची एक अख्खी पिढी ऑफिसला गेली, लग्नाला गेली, सिनेमाला गेली आणि परत आली. तेव्हा पायांच्या जागा ब्रह्मदेवानं लिहून ठेवलेल्या नाहीत, एवढं तरी कबूल करायला हरकत नसावी.

खरं शास्त्र असं आहे. हँडल, सीट आणि फूटरेस्ट हे तीन बिंदू जोडले की एक त्रिकोण होतो. चालवणाऱ्याची सगळी कुंडली त्या त्रिकोणात मांडलेली असते. हँडल क्लॅम्प ढिला करून थोडं मागं-पुढं फिरवता येतं. सीटवर गादीवाल्याकडून फोम चढवून घेता येतो. तिसरा कोन मात्र खिळ्यासारखा ठोकलेला. आणि सीट-फूटरेस्टमधलं अंतर कमी पडलं, की गुडघा जास्त दुमडतो. दुमडलेल्या गुडघ्यात वाटी मांडीच्या हाडावर दाबली जाते. मिनिटभर चालतं, तासभर चालत नाही. माझ्या डॉक्टरांनी हे सगळं चित्र काढून समजावलं आणि शेवटी म्हणाले, “गाडी चालवणं बंद करा.” म्हणजे शाळेनं गावाजवळ यावं, अशी त्यांची सूचना असावी.

आमच्या जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. तिथं दुचाकीला बंदी आहे. समृद्धी दारावरून जाते आणि दुचाकीवाल्याला आत घेत नाही, हे सूत्र कळायला अर्थशास्त्र शिकावं लागत नाही. आमच्या वाट्याला उरतो तो जुना रस्ता, त्यावरचे खड्डे, गतिरोधक आणि उसाच्या ट्रॉल्या. त्या रस्त्याला गुडघे लागतात.

म्हणून मी उस्तादांकडे गेलो. उस्तादांचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पत्रा आणि ग्रीसनं काळी पडलेली एक खुर्ची. त्यांनी मला गाडीवर बसवलं, स्वतः चार पावलं मागं जाऊन एक डोळा मिटला आणि फोटोग्राफरसारखं न्याहाळत म्हणाले, “सर, गाडी तुमारे पे बैठी है, तुम गाडी पे नै बैठे.”

लाखाच्या व्यवहारात माझं माप घेणारा हा पहिला माणूस.

त्यांनी माझ्या बुटांखाली लाकडाची एक फळी धरली, ती थोडी खाली, थोडी पुढं अशी सरकवत राहिले आणि मी “हां, इथं!” म्हटल्यावर खडूनं खूण केली. एक इंच खाली, पाऊण इंच पुढं. मी लोभानं म्हणालो, “उस्ताद, अजून पुढं घ्या की. आरामखुर्चीसारखं होऊ द्या.” त्यांनी मान हलवली. “नक्को सर. पाव आगे गये तो खड्डे में खडे कैसे रहेंगे? सब मार कमर पे.” किती खरं! पाय शरीराच्या साधारण खाली असले, तरच गतिरोधकावर माणूस फूटरेस्टवर भार देऊन अलगद उठू शकतो. पाय पार पुढं गेले की खड्डा सरळ मणक्यात शिरतो. सिनेमातले नायक पाय लांबवून गाडी चालवतात, कारण त्यांचा रस्ता दिग्दर्शकानं झाडून घेतलेला असतो.

मग उस्ताद झाडामागच्या ढिगाऱ्याकडं गेले. आमच्या जालन्यात भंगाराला फार वरच्या गतीची आशा असते. गावोगावचं लोखंड इथल्या भट्ट्यांत येतं, वितळतं आणि त्याच्या सळया होऊन महाराष्ट्रभर स्लॅबात जातात. अशाच एका जुन्या, वेगळ्या कंपनीच्या, केव्हाच बंद पडलेल्या मोटारसायकलीची फूटरेस्टची जोडी उस्तादांनी त्या मोक्षमार्गावरून परत खेचून आणली. तिची मान खाली वाकलेली होती. नेमकी इंचभर. हिरमुसल्या सुनेसारखी ती ढिगाऱ्यात पडून होती; तिचं स्थळ अखेर माझ्या गाडीशी जुळलं.

आता एका गाडीचं अंग दुसऱ्या गाडीला लावणं हे कुणाला अधर्म वाटेल. निदान जालनेकराला तरी वाटू नये. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात बियाण्याची कंपनी काढली आणि तिच्या नावातच ‘हायब्रीड’ हा शब्द घातला. दोन जातींचा गुण एका दाण्यात आणायचा, हाच तो धंदा. पुढं १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. आमच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. पण बागाईतदाराला विचारा, ते झाड जमिनीत उभं कशावर असतं? रंगपूर लिंबाच्या नाहीतर जंबेरीच्या खुंटावर. वर मोसंबी, खाली परका लिंबू. मोसंबीचे पाय दुसऱ्याचे असतात आणि फळ गोड लागतं! तेव्हा जालन्याच्या मोटारसायकलीचे पायही दुसऱ्याचे असले तर त्यात नवल ते काय?

मात्र हे काम म्हणजे नुसती ठोकाठोक, असा कुणाचा समज असेल तर तो आधी दूर केला पाहिजे. फूटरेस्टच्या मुळाशी दोन कान असतात. त्या कानांमध्ये फूटरेस्टचं शेपूट बसतं, आरपार पिन जाते, पिनेला स्प्रिंग आणि टोकाला कॉटर पिन. पाहुण्या फूटरेस्टचं शेपूट आमच्या गाडीच्या कानांना सैल पडत होतं. तिथं दोन्ही अंगांना वॉशर आले. भोक मोठं आणि पिन बारीक. त्यासाठी लेथवरून बुश करून आणले. मी म्हणालो, “एवढा खटाटोप कशाला? एकदाच वेल्डिंग मारून टाका, जन्माची कटकट नको.” उस्तादांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की मी आयुष्यात किती विद्यार्थ्यांकडे तसं पाहिलं असेल याचा हिशेब माझ्या मनात सुरू झाला.

“सर, ये मुडना चाहिये,” ते म्हणाले. आणि त्यांनी हातानं फूटरेस्ट वर-मागं दुमडून दाखवलं. गाडी वळणावर जास्त कलली किंवा आडवी झाली, की फूटरेस्ट जमिनीला टेकतं. दुमडणारं असेल तर निमूट बाजूला होतं. पक्कं जोडलेलं असेल तर तेच पहारीसारखं काम करतं आणि चाक उचलून गाडी उलथवतं. म्हणजे दुमडणं हा त्याचा दोष नसून धर्म आहे. जगात जे वेळेवर दुमडतात तेच टिकतात; पण हे तत्त्वज्ञान मी माझ्या गुडघ्यांना ऐकू दिलं नाही.

पुढचं काम ब्रेकचं. पाय इंचभर खाली गेला आणि ब्रेकचं पेडल जागच्या जागी राहिलं, तर दर वेळी पाऊल उचलून ब्रेकवर न्यावं लागणार. आणि तेवढ्यात म्हैस रस्ता ओलांडणार. म्हणून पेडल त्याच्या स्टॉपरवरून खाली घेतलं, त्याची मोकळी चाल पुन्हा बसवली, मागचा लाल दिवा वेळेवर लागतो की नाही पाहिलं. गिअरचा दांडा शाफ्टवरून काढून एक दाता खाली बसवला. किक मारून पाहिली, ती फूटरेस्टला आपटत नाही याची खात्री केली. शेवटी रिकाम्या मैदानात मला आठाचा आकडा काढायला लावला. लायसनच्या वेळी काढतात तसा. फूटरेस्ट खाली आलं म्हणजे वळणावर ते जमिनीच्या इंचभर जवळ आलं, हे चालवणाऱ्याच्या अंगात मुरलं पाहिजे. शर्यतवाले आपली फूटरेस्टं वर आणि मागं घेतात ती याचसाठी. मला शर्यत लावायची नाही. घंटेच्या आधी पोचायचं आहे.

सगळ्याचं बिल झालं चारशे ऐंशी रुपये, आणि तीन चहा.

दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या फाटकाशी उतरलो तो सरळ उभा. शिपाई म्हणाला, “सर, आज लई उंच दिसायलात!”

इथंच लेख संपायला हवा होता. पण आपल्याकडे कोणाला बरं वाटू लागलं, की ते इतरांना बरं वाटत नाही. पहिले आले शेजारचे काका. काका निवृत्त आहेत. नोकरीतून, नियमातून नव्हे. त्यांनी फूटरेस्टकडे, घरात परजातीची सून आल्यासारखं पाहिलं.

“गॅरंटी गेली की तुमची,” काका म्हणाले.

“गुडघ्यांची गॅरंटी कुठं होती?” मी म्हणालो.

“विकताना किंमत येणार नाही.”

“काका, मूळची जोडी तेल लावून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. विकायच्या दिवशी दहा मिनिटांत परत बसते. गाडी मी चालवायला घेतलीय, विकायला नव्हे. उद्या जावई म्हणाल, पुस्तकाला कव्हर घाला, वाचू नका, रद्दीत भाव चांगला येईल.”

“आणि कायद्याचं काय?” काकांनी हुकमाचं पान टाकलं.

कायद्याचं मी वाचलेलं होतं. मास्तर असल्याचा एवढा तरी फायदा. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ५२: गाडीच्या नोंदणीत लिहिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकानं करायचा नाही. २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानंही बजावलं, की उत्पादकानं ठरवून दिलेल्या मूळ रचनेत हात घालू नका. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं दंड ठरला: परवानगीबाहेरच्या दर बदलामागं पाच हजार रुपये, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागं’ हे शब्द वाचून काकांचे डोळे चमकले. “म्हणजे डाव्याचे पाच आणि उजव्याचे पाच!”

मी कायद्याच्या बाजूचा माणूस आहे. कायद्याला भिण्याची कारणं ज्यांनी निर्माण केली ती मंडळी मला ठाऊक आहेत. सायलेन्सरची आतडी काढून रात्री बारा वाजता गल्लीत फटाके फोडणारे. पुढच्याचे डोळे दिपतील असे दिवे लावणारे. नंबरच्या पाटीवर आकड्यांतून ‘दादा’ लिहिणारे. ते गाडीत बदल करतात तो दुसऱ्याला त्रास व्हावा म्हणून. त्यांच्यावर खुशाल दंड बसवा, दर बदलामागं बसवा, आणि मला विचाराल तर दर आवाजामागं बसवा. पण नोंदणीच्या कागदावर इंजिनाचा नंबर असतो, चेसिसचा असतो, रंग असतो, किती माणसं बसतात ते असतं. एमएच-२१ च्या माझ्या कागदावर गुडघ्याचा कोन कुठंही लिहिलेला मला आढळला नाही. फूटरेस्टची जागा तीच, बैठक तीच, दुमडणं तेच. जोडी तेवढी निराळी. सायलेन्सर फोडणारा आणि गुडघा सोडवणारा यांना एकाच काठीनं हाकणं म्हणजे चोराला आणि किल्लीवाल्याला एकाच कोठडीत घालणं.

याच कायद्यात अपंग व्यक्तीसाठी वाहनात बदल करून घेण्याची सोय आहे, आणि ती असायलाच हवी. माझं म्हणणं इतकंच, की धडधाकट आणि अपंग यांच्या मधोमध एक फार मोठी जमात राहते. चाळिशी ओलांडलेली, गुडघे कुरकुरणारी, जास्त उंच, जास्त बुटकी, पोट सुटलेली, पाठ धरलेली. तिचं नाव जनता. तिच्यासाठी कायद्यात कलम नाही आणि कारखान्यात साचा नाही. तिला एकच औषध सांगितलं जातं: “सवय होईल.”

हे “सवय होईल” म्हणजे “विचार करूनच दिलेलं असतं” याचा धाकटा भाऊ. शाळेच्या बाकावर ते आपल्याला प्रथम भेटतं. पहिलीच्या पोराचे पाय लोंबकळतात, सातवीच्या पोराचे गुडघे बाकाखाली अडकतात. दोघांनाही मास्तर सांगतात, नीट बस. मीही सांगत आलो, वर्गातलं ते कामच आहे. पण बाकानं नीट व्हावं, असं अजून कोणत्याही शिक्षणखात्यानं बाकाला सांगितलेलं नाही. मग एसटीच्या सीटा येतात, ऑफिसातली खुर्ची येते, ओट्याची उंची येते. जन्मभर आपण वस्तूंना शोभेल असं वाकत जातो आणि म्हातारपणी लोक म्हणतात, वयानं वाकले!

हे सगळं मी काकांना ऐकवत होतो, तेव्हा आमच्या सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या सहसा माझ्या व्याख्यानांना हजर राहत नाहीत. त्या दिवशी मात्र शेवटपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, “अहो, झालं का तुमचं शिलेदार-बारगीर? आता मागं कोण बसतं, त्याचंही बोला.”

वाचकहो, या चळवळीचं दुसरं आणि मोठं कलम त्यांनी मांडलं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२३ क्रमांकाचा नियम सांगतो, की मागं बसणाऱ्याची सोय असलेल्या मोटारसायकलीला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला फूटरेस्ट हवं आणि कपडा चाकात अडकू नये म्हणून मागचं चाक निम्मं तरी झाकलेलं हवं. नियम सोन्यासारखा आहे. पण साडी नेसून एका बाजूला बसणाऱ्या बाईला दोन पाय एकाच बाजूला ठेवायचे असतात, मांडीवर पोर असतं, एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात आमचा सदरा. तिच्या दोन्ही पावलांसाठी कारखान्यातून येते ती चाकाच्या जाळीखालची बोटभर पट्टी. तिच्यावर चपलेचं टोक टेकवून ती बाई जालन्याहून माहेरी भोकरदनला जाते. गतिरोधकावर नवरा फूटरेस्टवर उठतो. ती कशावर उठणार? ती उडते. गतिरोधकावर मागची बाई पडल्याची बातमी आपण वाचतो, हळहळतो आणि तिनं नीट धरलं नसेल म्हणतो. पाहा, तिथंही दोष बसणारीचाच.

“दोन्ही पाय बसायचे असतील तर जसं ठेवता येतील, तसं पाहिजे मला,” सौ. म्हणाल्या, “आणि तुमच्या त्या उस्तादांना माझं माप घ्यायला सांगा. तुमच्या अंदाजानं नको.”

उस्तादांनी वहिनींना गाडीवर बसवलं, फळी धरली, खडूनं खूण केली. दोन्ही पावलं मावतील अशी रुंद पट्टी, वर खरखरीत रबर, खाली भक्कम आधार, साडीच्या जाळीला धक्का नाही आणि पट्टी चाकापासून चांगली लांब. दोनशे साठ रुपये. चहा सौ.नी पाठवला. त्या दिवसापासून माझा सदरा पाठीमागं ओढला जात नाही आणि माझ्या वेगाबद्दल आमच्या घरात एकमत आहे.

आता कंपन्यांना माझं सांगणं. बाबांनो, आम्ही चंद्र मागत नाही. परदेशी बनावटीच्या महागड्या गाड्यांना सीट वर-खाली करायची सोय असते, हे तुम्हालाही माहीत आहे. तेव्हा ‘होत नाही’ असं सांगू नका. आम्हाला सीटही नको. फूटरेस्टचा कंस जिथं बसतो, तिथं एकाऐवजी तीन जागा द्या: वर, मध्ये, खाली. ब्रेक-गिअरला तेवढीच मुभा द्या. तपासून द्या, शिक्का मारून द्या, वाटल्यास शंभर रुपये जास्त घ्या; म्हणजे आमच्या उस्तादाला अपराध्यासारखं झाडाखाली काम करावं लागणार नाही आणि ज्या गावात उस्ताद नाही तिथला माणूस वेल्डिंग मारून जीव धोक्यात घालणार नाही. मागच्या बाईसाठी पावलभर रुंद जागा द्या. आणि दुकानात टाय लावलेल्या त्या मुलाच्या हातात, टायऐवजी एक टेप द्या.

तोवर ज्याला जमेल त्यानं चांगला उस्ताद गाठावा, मूळची जोडी जपून ठेवावी आणि फूटरेस्ट दुमडतं की नाही हे स्वतः पाहून मगच पैसे द्यावेत. कोणी “कंपनीनं विचार करूनच दिलंय” म्हणालंच, तर त्याला वादीची ती ओळीनं पाडलेली भोकं दाखवावीत. विचार त्या चांभारानंही केला होता. पण वर कोण बसणार आहे हे आपल्याला ठाऊक नाही, एवढं त्याला ठाऊक होतं.